जेम्स जॉन बर्कले : बोरघाटात लोखंडी सडक बांधणारे इंजिनियर

आमच्या पणजोबांच्या काळी मुंबईहून पुण्यास जावयाचे म्हणजे प्रथम मचव्यात बसावे लागे. बंदरात भरतीची वाट पाहावयाची, वारा अनुकूल असला तर काही तासांत, नसला तर कधी रात्र पाण्यावर काढून पनवेलच्या बंदरास लागावयाचे, आणि तेथून बैलगाडी करून चौक, खालापूर, खोपोली ह्या मार्गाने बोरघाटाच्या पायथ्याशी यावयाचे. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, घाटातून गाडीरस्ता झाला होता. तरी पावसाळ्यात तो रस्ता माणसांस व जनावरांस सारखाच जाचक होई. ज्या किनाऱ्यावर आज नवी मुंबईची दाट वस्ती आहे, तो तेव्हा मिठागरांचा, भातखाचरांचा व आगरी-कोळ्यांच्या लहान गावांचा मुलूख होता. देशावरचा कापूस, गूळ व धान्य ह्याच वाटेने पनवेलीस उतरे आणि पुढे पडावांतून मुंबईस जाई.

ही वाट बदलून टाकण्याचे काम ज्या पुरुषाकडे आले, त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो. आगगाडीचा इतिहास सांगताना लोक बहुधा पहिल्या गाडीच्या तोफांपाशी थांबतात. आमच्या मते खरी कथा त्या तोफांनंतर दहा वर्षे घाटात घडली, आणि ती पुरतेपणी आनंदाची नाही.

जेम्स जॉन बर्कले ह्यांचा जन्म लंडन शहराच्या हॉलोवे ह्या भागात २१ ऑक्टोबर १८१९ रोजी झाला. त्यांचे शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात झाले. पुढे सतराव्या वर्षाच्या सुमारास ते एका इंजिनियराच्या हाताखाली उमेदवार राहिले, आणि १८३९ साली त्यांस रॉबर्ट स्टीफन्सन ह्यांचे शिष्यत्व मिळाले. आगगाडीच्या विद्येत त्या काळी ह्याहून मोठी पाठशाळा नव्हती. रॉबर्ट हे जॉर्ज स्टीफन्सन ह्यांचे पुत्र. वाफेचे इंजिन रुळांवर भरवशाने चालवून दाखविण्याचे श्रेय ह्या पितापुत्रांस दिले जाते. बर्कले ह्यांनी त्यांच्या हाताखाली इंग्लंडातील रस्त्यांवर दहा वर्षे काम केले आणि गुरूचा विश्वास संपादन केला. पुढे हिंदुस्थानातील नव्या कंपनीस मुख्य इंजिनियर हवा झाला, तेव्हा हाच विश्वास त्यांच्या कामी आला.

ही कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. हिला लोक पुढे थोडक्यात जी. आय. पी. म्हणू लागले. तिचा उगम दोन ठिकाणी झाला. मुंबईत नाना शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाई इत्यादि गृहस्थांनी ह्या कल्पनेस आपले वजन दिले. विलायतेत जॉन चॅपमन नावाच्या गृहस्थाने कंपनी उभी करण्यासाठी खटपट केली. लँकेशायरच्या गिरण्यांस वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि तो बैलांच्या पाठीवरून येताना धुळीने व पावसाने खराब होई, हे ह्या उत्साहाचे एक मोठे कारण होते. १८४९ साली पार्लमेंटाने कंपनीस कायद्याने मान्यता दिली, आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्यात भागीदारांच्या भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी देण्यात आली होती. कंपनीस नफा न झाला तर ते व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरावयाचे, म्हणजे मोठ्या अंशी शेतसाऱ्यातून. ज्या कुणब्याने आगगाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, तोही ह्या प्रकारे तिचा जामीन झाला होता, ही गोष्ट आम्हांस येथे नमूद करावीशी वाटते.

बर्कलेसाहेब ७ फेब्रुवारी १८५० रोजी मुंबईस उतरले. वय तीस वर्षांचे. हिंदुस्थानात प्रवाशांच्या आगगाडीचा एक हातही रस्ता तेव्हा झालेला नव्हता. रूळ, इंजिने व लोखंडी सामान आफ्रिकेस वळसा घालून जहाजांनी यावयाचे. दगड, चुना व माणसे मात्र येथलीच. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी शीव येथे माती खणून कामास आरंभ झाला. पहिला मक्ता फेव्हिएल आणि फाउलर ह्या इंग्रज कंत्राटदारांस दिला होता. पुढे १८५२ च्या आरंभी एक इंजिन जहाजातून उतरवून मजुरांनी दोर लावून भर रस्त्यातून भायखळ्यास ओढीत नेले, तेव्हा मुंबईतील लोक ते पाहावयास लोटले. फेब्रुवारीत ते सुरू झाले. गव्हर्नर फॉकलंड ह्यांचे नाव त्यास दिले होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरापासून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. तिला चौदा डबे होते, सुमारे चारशे पाहुणे होते, आणि सुलतान, सिंध व साहेब अशी नावे दिलेली तीन इंजिने जोडली होती. एकवीस तोफांची सलामी झाली. एकवीस मैलांचे अंतर गाडीने सुमारे एका तासात तोडले. ठाण्यास तंबू ठोकून मेजवानी मांडली होती. ह्या समारंभाचे वर्णन आमच्या वाचकांनी अन्यत्र पुष्कळदा वाचले असेल, म्हणून आम्ही ते लांबवीत नाही. ठाण्यापुढचे काम आधीच अवघड झाले होते. खाडीवर पूल बांधावयाचा होता, आणि पलीकडे मुंब्र्यापाशी पारसिकचा डोंगर आडवा होता. हीच डोंगराची रांग दक्षिणेकडे जाऊन आजच्या नवी मुंबईच्या पूर्वेस भिंतीसारखी उभी आहे. खाडीत पाया घातला, डोंगर फोडून बोगदे पाडले, आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणास पोहोचली. ह्या व पुढील कामांत जमशेटजी दोराबजी नावाच्या पारशी कंत्राटदाराने मोठा नावलौकिक मिळविला. येथील माणसाने हाती घेतलेले काम विलायतेच्या कंत्राटदारापेक्षा उणे ठरत नाही, हे बर्कलेसाहेबांनी त्याच्या कामावरून ओळखले व मान्य केले.

कल्याणापासून दोन वाटा फुटतात. एक ईशान्येस कसाऱ्याकडे, थळघाटाने नाशिक व वऱ्हाडाकडे. दुसरी आग्नेयेस कर्जतकडे, बोरघाटाने पुण्याकडे. दोहींच्याही तोंडाशी सह्याद्री उभा. आमचे घाटाखालचे वाचक हा पहाड रोज पाहतात, म्हणून त्यांस तो किती उंच हे सांगावयास नको. पण आगगाडीस त्याची उंची निराळ्या मापाने मोजावी लागते. बैल दहा पावलांत एक पाऊल चढ चढून जाईल. इंजिनाचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर तसे चढू लागले तर जागच्या जागी फिरू लागते. म्हणून चढ अतिशय सौम्य ठेवावा लागतो, आणि चढ सौम्य ठेवावयाचा तर रस्ता लांबवावा लागतो, आणि रस्ता लांबविण्यास डोंगरात जागा नसते. ह्या पेचातून मार्ग काढण्यासाठी बर्कलेसाहेब व त्यांचे साहाय्यक साखळ्या व दुर्बिणी घेऊन अनेक हंगाम दऱ्याखोऱ्यांतून हिंडले. एकामागून एक मार्ग आखले आणि टाकून दिले. शेवटी जो ठरला तो सुमारे पावणेसोळा मैलांचा होता, आणि तेवढ्यात त्यास १,८३१ फूट वर चढावयाचे होते. सर्वांत कठीण जागी ३७ फुटांस १ फूट असा चढ पडला. पंचवीस बोगदे व आठ मोठे दरीपूल त्यात होते. एके ठिकाणी तर वळण घेण्यासही जागा मिळेना. तेव्हा गाडी कड्याच्या टोकापर्यंत नेऊन तेथे थांबवावी, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडावे, आणि मग तिने उलट दिशेने वर चढावे, अशी युक्ती योजिली. डोंगरवाटेने ओझे घेऊन जाणारी आमची माणसे नागमोडी चढतात, त्याच रीतीचे हे होते.

काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. बोरघाटाचा मक्ता फेव्हिएल ह्यांनी घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटाखाली खोपोलीपर्यंत गाडी आली, आणि १८५८ च्या जूनमध्ये घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आली. मधला तुकडा तेवढा राहिला. प्रवाशाने खोपोलीस उतरावे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढावा, आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसावे, असा क्रम पाच वर्षे चालला. गाडीत बसलेल्या श्रीमंतांस ह्या चढणीचा कंटाळा येई. त्याच चढणीच्या अंगास, कड्यांवर, काय चालले होते ते मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनीच थांबून पाहिले असेल.

तेथे हजारो माणसे काळा पाषाण फोडीत होती. कडा जेथे सरळ तुटलेला, तेथे उभे राहण्यास पावलापुरतीही जागा नसे; म्हणून माणसास दोराने बांधून वरून खाली सोडीत, आणि तो अधांतरी लोंबकळत पहारीने भोके पाडी. भोकात दारू ठासून बत्ती लावली की त्यास घाईने वर ओढून घ्यावयाचे. दोर तुटला, बत्ती लवकर पेटली, वरून धोंडा सुटला, तर काय होई ते सांगणे नको. बायका टोपल्यांतून खडी व माती वाहत. वडार, महार, कुणबी अशा अनेक जातींचे लोक कुटुंबासह, आपापल्या मुकादमाबरोबर, दूरदूरच्या गावांहून येत. पावसाळा लागला की बहुतेक गावी परतत आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा येत. प्रथम दहा हजारांच्या आसपास असलेली संख्या वाढत गेली, आणि १८६१ च्या आरंभी ती ४२,००० वर पोहोचली. त्या काळी एवढी वस्ती असलेली शहरे आमच्या प्रांतात मोजकीच होती, आणि ही तर डोंगराच्या उतारावर, गवताच्या झोपड्यांत वसलेली.

अशा वस्तीत पाणी वाईट आणि थोडे. पटकीची साथ आली म्हणजे तीस अडविणारे काही नसे. १८५९ व १८६० च्या हंगामांत माणसे इतकी मेली की जिवंत राहिलेली छावण्या सोडून पळत, आणि पळताना रोग आपल्याबरोबर गावोगाव नेत. किती मेली ह्याची पुरी नोंद कोणी ठेवली नाही. किती घनफूट दगड फुटला, किती विटा लागल्या, ह्याचे हिशेब कंपनीच्या दप्तरात शेवटच्या आकड्यापर्यंत होते.

मजुरीची गोष्ट ह्याहूनही लाजिरवाणी होती, कारण रोगास इलाज नव्हता असे कोणी म्हणेल, पण मजुरीस होता. कंपनीने पैसा कंत्राटदारास द्यावा, त्याने पोटकंत्राटदारास, त्याने मुकादमास, आणि मुकादमाने शेवटी मजुरास. प्रत्येक हातातून जाताना तो थोडा गळे आणि पुष्कळ रेंगाळे. महिनोन् महिने ज्यांची मजुरी तुंबली अशा लोकांनी १८५९ च्या जानेवारीत दंगा केला व देखरेखीवरच्या युरोपियन लोकांवर ते चालून गेले. सरकारने चौकशी केली, तीत मजुरांच्या गाऱ्हाण्यास आधार आहे असे दिसून आले. थोड्याच दिवसांत फेव्हिएल ह्यांच्या हातून मक्ता गेला, आणि काही महिने कंपनीच्या इंजिनियरांनी काम स्वतःच चालविले. ज्याच्या नावाने हा सारा रस्ता चालला होता त्या मुख्य इंजिनियराची ह्यात जबाबदारी किती, असा प्रश्न वाचक करतील. आमचे मत असे की कंत्राटाची पद्धत त्यांची एकट्याची नव्हती, ती विलायतेतून आली होती. परंतु तिचे दोष त्यांच्या डोळ्यांसमोर तीन वर्षे होते, आणि दंगा होईपर्यंत ती मोडली नाही.

नंतर विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचे नवे कंत्राटदार आले. ते १८५९ च्या पावसाळ्याअखेर सपत्नीक मुंबईस उतरले, घाटात गेले, आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावले. त्यांची विधवा ॲलिस ट्रेडवेल ह्यांनी पहिल्या जहाजाने स्वदेशी जावे असेच कोणासही वाटले असते. बाईंनी तसे केले नाही. पतीचा मक्ता त्यांनी आपल्या नावावर पुढे चालविला, आणि ॲडमसन व क्लाउजर हे दोन इंजिनियर नेमून त्यांच्याकडून तो तडीस नेला. परक्या देशात, पटकीच्या छावणीत, चाळीस हजार माणसांच्या कामाचा मक्ता एका विधवेने सांभाळला, ही गोष्ट त्या काळच्या इंग्रजांसही नवलाची होती. आमच्या भगिनींनी ती आवर्जून वाचावी.

ह्या अवधीत बर्कलेसाहेबांकडे केवळ बोरघाट नव्हता. थळघाटाची आखणी त्यांचीच. त्यापलीकडे खानदेश, वऱ्हाड व नागपुराकडचा, तसेच पुण्यापुढे सोलापुराकडचा रस्ता त्यांच्या देखरेखीखाली होता. त्यांच्या हाताखालून आखले गेलेले एकंदर रस्ते बाराशे मैलांवर जातात. मुंबईतील कारागिरांस यांत्रिक विद्या शिकविण्यासाठी निघालेल्या संस्थेतही ते पुढाकार घेत, आणि तेथे त्यांनी आगगाडीवर व्याख्याने दिली. १८६० साली लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेत त्यांचा ह्या रस्त्यावरील निबंध वाचण्यात आला. त्यात चढ, पूल व बोगदे ह्यांची मापे आहेत, तशी येथील मजुरांच्या काम करण्याच्या रीतींविषयीही माहिती आहे. त्यांच्या कामाची पद्धत साहेबाने बारकाईने पाहिली होती, हे त्यावरून उघड दिसते.

परंतु शरीर थकले होते. अकरा वर्षे ऊन, दमट हवा व जंगलचा ताप सोसून १८६१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. त्या वेळी घाटात काम ऐन भरात होते. स्वदेशच्या हवेने प्रकृती सुधारेल ही आशा फोल ठरली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. वयास त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

बोरघाटाचा रस्ता त्यांच्यामागून आठ महिन्यांनी पुरा झाला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांनी तो मोठ्या समारंभाने उघडला, आणि पुढच्या महिन्यात मुंबईहून निघालेला प्रवासी गाडीतून न उतरता पुण्यास जाऊ लागला. थळघाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. बर्कले ह्यांच्या मित्रांनी वर्गणी गोळा केली, आणि मुंबई विद्यापीठात इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाचे सुवर्णपदक ठेविले.

येथे चरित्र संपविता आले असते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते खरे होणार नाही. १८६७ च्या पावसाळ्यात बोरघाटातील माहूकीमाळी येथील दगडी दरीपूल ढासळला. तपास करता असे आढळले की दर्शनी बाजूस घडीव चिरे, आणि आत मात्र निकृष्ट भर व कच्चा चुना. मग इतर पूलही तपासले, आणि ह्या कंपनीच्या रस्त्यावरील पुष्कळ पूल पुन्हा बांधावे लागले. आखणी करणारा कितीही निष्णात असो, शेकडो मैलांच्या रस्त्यावर प्रत्येक चिऱ्यामागे काय भरले हे पाहावयास त्यास दोनच डोळे असतात. आणि ज्या मक्त्याच्या साखळीत मजुराचा पैसा गळे, त्याच साखळीत चुनाही गळे. इंग्रज लेखक बर्कलेसाहेबांची स्तुती करताना हा पूल बहुधा गाळतात. आम्हांस तसे करणे योग्य वाटले नाही. त्यांची आखणी मात्र चुकली नव्हती. पुढे जड गाड्यांसाठी घाटात नवे बोगदे पाडून ती उलट फिरण्याची जागा सोडून दिली, आणि विजेची इंजिने आली. तरी आज मुंबई-पुण्याची गाडी सह्याद्री चढते ती मुख्यत्वे त्याच डोंगराच्या अंगाने, जो त्यांनी साखळी घेऊन पायी मोजला होता.

ज्या मजुरांनी तो रस्ता बांधला, त्यांच्यापैकी पुष्कळजण बोरघाट आटोपताच पहारी खांद्यावर घेऊन थळघाटाकडे गेले, आणि तेथून गाडीच्या पुढे पुढे, वऱ्हाडाकडे व नागपुराकडे. काही तेथेच राहिले व गँगमन, खलाशी, पॉइंट्समन झाले. ज्या जातींस गावात वतनाच्या कामापलीकडे काही मिळत नसे, त्यांस महिन्याच्या महिन्यास रोख पगार प्रथम येथे मिळाला. आमच्या मंडळ्यांतही अशी घरे असतील की ज्यांच्या वडिलांच्या वडिलांनी रुळावर काम केले.

पनवेलची मात्र ह्या रस्त्याने हानी झाली. देशावरचा माल कर्जत-कल्याणाच्या मार्गे परस्पर मुंबईस जाऊ लागला, आणि जेथे गाड्यांची व पडावांची दाटी होई त्या बंदराचे महत्त्व उतरले. पहिली गाडी ठाण्यास आल्यापासून जवळजवळ एकशेचाळीस वर्षे खाडीच्या ह्या किनाऱ्यावरील गावांनी मुंबईच्या गाडीचा धूर पलीकडच्या तीरावरच पाहिला. १९९२ साली मानखुर्दहून खाडीवरील पुलाने वाशीस लोकल आली, आणि काही वर्षांनी ती पनवेलपर्यंत गेली.